एक ओव्हर बिनमाईकची

मुख्तार, परवा रविवारी तुझ्या नावाची मॅच झाली. पहिली ओव्हर बिनमाईकची खेळवली. कल्पना आदिलची. तुझा मुलगा म्हणाला, "काका, दोन मिनिटं माना खाली घालून उभं राहणं अब्बांना मानवलं नसतं. अब्बा जन्मभर माईकवर बोलले. तर त्यांच्यासाठी एक ओव्हर कोणीच काही बोलायचं नाही. खेळाडूंनी नाही, बघणाऱ्यांनी नाही." मला ते पटलं. मला सहसा कोणाचं पटत नाही हे तुला माहीत आहे.

अंपायर म्हणून मला उभं केलं. गुडघा कुरकुरत होता, तरी उभा राहिलो. त्या ओव्हरीत काय झालं ते सांगतो, पण त्याच्या जागेवर आलं की सांगतो. आधी आपलं भांडण, कारण ते तू अर्ध्यावर टाकून गेलास.

हे लिहायलाही आदिलनेच लावलं, मंडळाच्या अंकासाठी. मी तिसरीपर्यंत गेलेला माणूस. सूनबाईला म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घ तू बघ, पण वाक्याला हात लावलास तर कागद परत घेईन. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू, बाबा, तुम्ही हातावर माराल." तर असं आहे. तुझं गाव कुठलं, दुकान कुठे, मुलं किती, ते आदिल फोटोखाली देणार आहे. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच विचारायचंय की तू त्या दिवशी गाडीत जे बोललास ते खरं मानून बोललास की मला डिवचायला. कारण ते खरं असेल तर माझ्याकडे काय उरतं ते मला सांग.

आपली ओळख मुसाफाची. आमचा मजुरांचा कॅम्प होता, मागे वाळूचं पटांगण. मी शटरिंगचा सुतार. तू शारजाहून पाहुणी टीम घेऊन आलास, गाडीच्या एसीच्या पार्टचं तुझं दुकान तेव्हा नुकतंच लागलं होतं आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक माईक तू सगळीकडे नाचवायचास. अंपायर व्हायला कोणी तयार नव्हतं, कारण आमचा फोरमन बॅटिंगला होता आणि त्याला बाद कोण देणार. मी उभा राहिलो आणि दुसऱ्याच बॉलला त्याला रनआऊट दिला. तो होताच रनआऊट. पुढे महिनाभर त्याने मला भर उन्हात स्लॅबवर टाकलं ते वेगळं. तू माईकवर म्हणालास, "भाईलोग, मुसाफामध्ये आज न्यायमूर्ती सापडले." लोक हसले. मला वाटलं चेष्टा करतोय. पण मॅच संपल्यावर तू जवळ आलास आणि म्हणालास, "पुढच्या शुक्रवारी गाडी पाठवतो, शारजाला यायचं."

गाडी कसली पाठवतोस, स्वतःच आलास. आणि मग कित्येक वर्षं येत राहिलास. शारजाहून मुसाफा, मुसाफाहून शारजा, संध्याकाळी परत तेच. मी कधी तुला थँक्यू म्हटल्याचं आठवत नाही. तूही कधी म्हणवून घेतलं नाहीस. न्यायमूर्ती हे नाव मात्र चिकटलं. आता मी मुलाकडे अजमानला राहतो, तर खालच्या बकाल्यातला वाणीसुद्धा म्हणतो, न्यायमूर्ती, आज कोथिंबीर ताजी आहे. मला ते आवडतं. लपवत नाही. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही, गावी घर आहे ते भावाच्या नावावर आहे. हे एक नाव माझं आहे. सखाराम नाव बघत नाही, बॉल बघतो, असं लोक म्हणायचे, आणि ते मी कमावलं आहे असं मी धरून चाललो होतो.

मग ते बेसबॉल आलं.

दुबईच्या मैदानावर पगारी खेळाडूंचं बेसबॉल सुरू झालं आणि आपल्या लोकांनी स्टँड भरावेत म्हणून त्यांना हिंदीत बोलणारा कोणीतरी माईकवर पाहिजे होता. त्या इव्हेंटवाल्या मॅडमनी कुठेतरी फोनवर तुझी कॉमेंट्री ऐकली आणि तुला बोलावलं. तू बेसबॉल आयुष्यात बघितलं नव्हतंस. मला म्हणालास, "सख्या, चल. तू माझा टेक्निकल एक्स्पर्ट." माझ्या गळ्यात तसा पास घातलास. मी म्हटलं, मला तरी कुठे कळतं. तू म्हणालास, "तुला न कळता पण खात्रीने बोलता येतं, तेच पाहिजे."

मी मात्र घरी टीव्हीवर बसून शिकलो. नात शिकवायला. तन्वीला मी विचारलं, हा नो-बॉल का नाही दिला, तर ती म्हणाली, "आजोबा, देअर इज नो नो-बॉल." एवढं मला समजलं की बॅटवाल्यासमोर हवेत एक चौकोन असतो, गुडघ्यापासून छातीपर्यंत. तो कोणाला दिसत नाही. बॉल त्यातून गेला आणि त्याने मारला नाही तर स्ट्राईक, तीन झाल्या की घरी. बाहेरून गेला तर स्ट्राईक नाही. आणि हे ठरवणार कोण, तर कीपरच्या मागे ओणवा बसलेला अंपायर. मुख्तार, हे कळल्यावर माझं बॅटवाल्याकडे लक्षच राहिलं नाही. मी सगळा वेळ त्या ओणव्या माणसाकडे बघत होतो.

दोन खेळाडू तुला आठवतच असतील. एक तो मोठ्या नावाचा, ज्याचा फोटो शेख झायद रोडवर इमारतीएवढा लावला होता. वय झालेलं, दाढीत पांढरे केस. आणि दुसरा तो सदतीस नंबर, कुठल्यातरी बेटावरचा, उंच, काळा, कपाळावर कायम आठी. मोठ्या नावाचा मैदानात आला की बसच्या ड्रायव्हरपासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांना हात करायचा. सदतीस नंबर कोणाकडे बघायचा नाही. त्याला बघून मला मुसाफाच्या कॅम्पमधला मीच आठवलो, आता तू हसशील.

तर पहिल्याच सामन्यात मी बघितलं. गुडघ्याजवळून बॉल गेला, मोठ्या नावाच्या माणसाला. अंपायर गप्प. म्हणजे स्ट्राईक नाही. थोड्या वेळाने अगदी तिथूनच सदतीस नंबरला गेला. अंपायर ओरडला, स्ट्राईक. मी तुझी बाही ओढली. तू माईकवर हात ठेवून म्हणालास, "काय?" मी म्हटलं, "तीच जागा होती." तू म्हणालास, "कुठली जागा? हवेत जागा असते का?" आणि परत माईकवर.

सदतीस नंबरला तेव्हा राग आला. मागे वळून तो अंपायरला काहीतरी बोलला, बॅट आपटली. आणि तू माईकवर म्हणालास, "लगता है सैंतीस नंबर आज घर से झगड़ा करके आया है. भाभीजी, फोन उठाओ." सगळा स्टँड हसला. पुढच्या वेळी तो बॅट घेऊन आला तर लोकच ओरडायला लागले, सैंतीस, घर जा, फोन आया. तो तिसऱ्या स्ट्राईकला गेला. मोठ्या नावाचाही तसाच गेला होता, पण जाताना त्याने टोपी काढून स्टँडला सलाम केला होता. त्याला टाळ्या मिळाल्या. बाद होऊन टाळ्या.

त्याच्या पुढच्या सामन्यात सदतीस नंबर संघात नव्हता. मोठ्या नावाचा होता. त्या दिवशी त्याचीही धडगत नव्हती, बरं का. तो तीनदा रिकामा परत गेला आणि तीच टाळ्या वाजवणारी माणसं त्याला म्हातारा, पेन्शनवाला, काय काय म्हणायला लागली. आपल्या मागे बसलेला एक जण तर त्याच्या आईपर्यंत गेला. बाकीचेही त्या दिवशी काही मारत नव्हते, त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्यांची नावंच कोणाला माहीत नव्हती. मला कळेना मी कोणाच्या बाजूने रागवायचं. ज्याला फुकट संधी मिळते त्यालाच शिवी जास्त मिळते, मग हा हिशेब बरोबर होतो का? तू म्हणालास, "टाळी पण नावाला, शिवी पण नावाला. बिननावाच्या माणसाला काहीच नाही. बरं कोणाचं, ते तू सांग, न्यायमूर्ती." अजूनही मला सांगता येत नाही.

पण गाडीत मी तोंड उघडलंच. शारजाच्या जॅममध्ये अडकलो होतो.

"तू त्या सदतीस नंबरला घालवलास," मी म्हटलं.

"मी? मला बेसबॉलमधलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच. कळत असतं तर बॉलवर बोलला असतास. माणसावर बोललास."

"बॉल किती वेळ दिसतो, सख्या? माणूस दिसतो. लोक पैसे देऊन माणूस बघायला येतात."

"लोकांनी बघावा. अंपायरने पण माणूस बघायचा? मी उभ्या जन्मात नाव बघून निर्णय दिला नाही."

तू आरशात बघितलंस, लेन बदलायचा प्रयत्न केलास, एका लेबननवाल्याने हॉर्न मारला, तू त्याला "यल्ला हबीबी, जा" म्हणालास. आणि मग अगदी सहज, जसं कोणी चहा विचारतं तसं विचारलंस, "फैयाजला काय बघून दिला होतास?"

अंक वाचणाऱ्यांना फैयाज माहीत नसेल, म्हणून सांगतो. रायगडच्या खाडीकाठचा पोरगा, टेनिस बॉलवर उंच मारायचा. मुख्तारच्या माईकने त्याला खाडीचं वादळ केलं. शारजाच्या वाळूवर फायनल होती, एका कंपनीचे साहेब खास बसले होते, त्यांना टीमसाठी एक माणूस नोकरीवर घ्यायचा होता. फैयाज हसरा, सगळ्यांच्या गळ्यात पडणारा. दुसरा एक होता बाळा, गवंडीकाम करायचा. सेमीफायनलला त्याने एकट्याने मॅच काढली होती, पण कोणाशी पटत नसे. फायनलला फैयाज आला, पहिलाच बॉल बॅटीजवळून कीपरच्या हातात. अपील झालं. टेनिस बॉलचा कट ऐकू येत नाही, तो कसा वळला त्यावरून ठरवावं लागतं. मी बोट वर केलं.

लोक मैदानात घुसले. चपला आल्या. तेवढ्यात फैयाजने मुख्तारच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "लागला होता. काकांनी बरोबर दिलं." माणसं थंड झाली. मी त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं जगलो म्हटलं तरी चालेल. आणि कंपनीने कोणाला घेतलं? शून्यावर गेलेल्या फैयाजलाच घेतलं. बाळाला नाही. म्हणजे माझ्या बोटाने कोणाचं वाकडंही झालं नाही आणि सरळही झालं नाही. फैयाज पुढे कंपनीसाठी दोन मॅच फेल गेला की लोक म्हणायचे, फुकटचा पगार खातो. बाळाला कधी कोणी काही म्हटलं नाही. तो परत गावी गेला.

तर गाडीत तू हे काढलंस.

"बॉल बघून दिला," मी म्हटलं.

"वळला होता?"

"वळला होता."

"सेमीला बाळाच्या बॅटीजवळून तसाच वळला. तेव्हा तुझा हात खिशात होता."

"तेव्हा वारा होता."

"आणि फायनलला काय पंखा बंद केला होता?"

मी म्हटलं, "म्हणजे मी फैयाजच्या नावाला घाबरलो म्हणतोस?"

"घाबरला असतास तर नाबाद दिला असतास. तू नाव बघून बाद दिलास, सख्या. तुला सगळ्या मैदानाला दाखवायचं होतं की सखाराम कोणाच्या नावाला भीक घालत नाही. तो बेसबॉलचा अंपायर नाव बघून सूट देतो, तू नाव बघून कापलंस. बघितलं दोघांनी."

"गाडी थांबव."

"थांबलीच आहे," तू म्हणालास. "उतर हवं तर. चालत माझ्या आधी पोचशील."

मी उतरलो नाही. बाहेर भट्टी होती. पण अजमानला उतरताना दार जोरात लावलं, ते तुला आवडत नाही म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात तू बांगडे घेऊन दारात. भाभींनी साफ करून दिलेले. "अजून फुगलास?" म्हणालास. मी म्हटलं, "मी फुगत नाही." तू म्हणालास, "बरं. तिरफळं टाक, चिंच कमी." आणि आत येऊन तन्वीशी बेसबॉलवर बोलत बसलास, जसं काही झालंच नाही. मी स्वयंपाकघरात उत्तर तयार करत होतो. चांगलं उत्तर होतं. बाळाच्या वेळी मी कुठे उभा होतो, सूर्य कुठे होता, सगळं बसवलं होतं. पण जेवण झाल्यावर तू ढेकर देऊन निघालास आणि मी म्हटलं, पुढच्या वेळी.

मग आदिलचा फोन आला. दुकान उघडून तू खुर्चीत बसलास, चहा सांगितलास, आणि चहा यायच्या आत.

कब्रस्तानात तुमची नमाज चालली तेव्हा मी बाजूला चपला हातात घेऊन उभा होतो. आदिलने येऊन मला पुढे नेलं, "काका, माती तुम्ही पण द्या." मी दिली. लोकांना वाटलं असेल सखाराम रडतोय. खोटं कशाला लिहू, मला राग आला होता. माणसाने आरोप करावा आणि बचाव ऐकायला थांबू नये, ही कुठली रीत. घरी आल्यावर मी ताटावर बसलो आणि मला आठवेना की माझं उत्तर नक्की काय होतं. सूर्य आठवला. बाकीचं नाही.

त्यानंतर टीव्हीवर एक सामना लागला. तोच मोठ्या नावाचा, आणि बघतो तर सदतीस नंबर परत संघात. मी तन्वीला म्हटलं, याला तर काढला होता. तिने फोनवर बघितलं आणि म्हणाली, "ही वॉज इंजर्ड, आजोबा. इट्स हिज शोल्डर." खांदा दुखावला होता म्हणे. म्हणजे तू त्याला घालवला नव्हतास? मी गाडीत जे पहिलं वाक्य बोललो तेच चुकीचं होतं? की घालवलं लोकांच्या ओरड्यानेच, आणि वर खांद्याचं नाव केलं? असंही करतात. मला माहीत नाही. तुला विचारावं तर तू नाहीस, आणि सदतीस नंबर मला ओळखत नाही.

मग मी एक केलं. टीव्हीवर जिथे नाव आणि नंबर येतो तिथे कॅलेंडरचं पान चिकटवलं. म्हटलं, आता बघू. नाव दिसणारच नाही, नुसता बॉल. तन्वी म्हणाली, "आजोबा, व्हॉट आर यू डूइंग?" मी म्हटलं, "अंपायरिंग." मी एकेक बॉल मोठ्याने सांगत गेलो, ती खरं-खोटं करत गेली, कारण टीव्हीवर तो हवेतला चौकोन आखून दाखवतात. बाकीच्यांचे माझे बरोबर येत होते. मोठ्या नावाचा आला तो मी लगेच ओळखला, बॅट हातात फिरवायची त्याची सवय आहे ना, कागदाने ती झाकत नाही. त्याला मी दोन स्ट्राईक दिल्या आणि दोन्ही वेळा तन्वी म्हणाली, "नो, इट वॉज आऊट ऑफ द बॉक्स." सदतीस नंबरही उंचीवरून कळला, त्याला एक सोडला, तो चौकोनात होता म्हणे. मी विचारलं, टीव्हीतला चौकोन कोणी आखला? तिने खांदे उडवले. मी कागद काढून टाकला. टीव्हीवाल्यांचा चौकोन मी मानत नाही. पण त्या रात्री जेवण गेलं नाही हेही खरं.

आता रविवार.

ते शारजाचं जुनं मैदान. आता चारी बाजूंना गोदामं झालीत. बॅटिंगच्या टोकाला, कीपरच्या मागे, मोठं कापड बांधलं होतं, तुझा हसणारा फोटो आणि खाली तुझं नाव, हातभर उंचीचं. आदिलने पहिली ओव्हर खेळायला कोणाला बोलावलं असेल? फैयाजला. हल्ली मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. पोट सुटलंय, दाढीला मेंदी. तंबूत आला, माझे गुडघे धरले, बाजूला बसला. मी म्हटलं, "वादळ बरंच जड झालं." तो म्हणाला, "काका, आता वारा नाही, नुसता ढग आहे."

मग पाणी पिऊन तो हळू म्हणाला, "काका, एक सांगू? चाचा असेपर्यंत बोलायची मनाई होती."

"बोल."

"त्या फायनलला मी माईकवर जे बोललो ना, लागला होता म्हणून. ते मुख्तारचाचांनी माझ्या कानात सांगितलं होतं. म्हणाले, लागला होता असं म्हण. लोक सखारामला मारतील. तुझं काय जातंय, तुला उद्या परत डोक्यावर घेतील. त्याच्याकडे तेवढं एकच आहे."

मुख्तार, माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. तो मी खाली ठेवला.

"मग लागला नव्हता?" मी विचारलं.

"कसं सांगू? आदल्या दिवशी हातावर बॉल बसलेला, बोटं बधिर होती. कानात चाचांचा माईक. अल्ला कसम, मला माहीत नाही. तुम्ही जवळ होतात, तुम्हालाच माहीत असणार."

मी जवळ होतो. मलाच माहीत असणार.

तेव्हापासून मी हेच उलटंपालटं करतोय. माझं नाव मी कमावलं म्हणत होतो. ते मुसाफाला तू ठेवलंस, शारजाला तू वाचवलंस, आणि मला त्यातलं काही कळू दिलं नाहीस. फैयाजला जसं वादळ केलंस तसंच मला न्यायमूर्ती केलंस, त्याच माईकवरून. मग मी वेगळा कुठे झालो त्याच्याहून? याचा राग यायला पाहिजे. येतोही. पण मग मला गाडी आठवते. मी त्या दिवशी छाती काढून म्हटलं, उभ्या जन्मात नाव बघून निर्णय दिला नाही. तेव्हा हे तुझ्याकडे होतं. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं, "फैयाज जे बोलला ते माझ्या सांगण्यावरून बोलला," एवढं तू म्हटलं की खलास. तू पंख्याचा विनोद केलास आणि हे पोटात ठेवलंस. हरायची पाळी आली तरी ठेवलं असतंस, मला वाटतं. दुसऱ्या आठवड्यात बांगडे आणलेस.

मी ओव्हरीला उभा राहिलो तेव्हा डोक्यात हे सगळं होतं. आदिलने माईकची वायर काढून सगळ्यांना दाखवली. आणि शांत झालं. या मैदानावर मी कधी शांतता ऐकलीच नव्हती. गोदामांचे एसी घरघरत होते. वरून विमान गेलं. तुझं कापड वाऱ्याने फडफडत होतं. फैयाजच्या बुटाखाली वाळू वाजली तीही मला ऐकू आली.

पहिले तीन बॉल त्याने नुसते अडवले. चौथा बॅटीजवळून गेला, कीपरच्या हातात. कीपरने सवयीने तोंड उघडलं, मग आठवलं, गप्प झाला. नुसता ग्लोव्ह वर धरून माझ्याकडे बघत राहिला. सगळेच बघत राहिले.

आणि मी आवाज ऐकला होता. टप्. आयुष्यात पहिल्यांदा, कारण कान मोकळे होते. पण तो बॉल होता की बॅट पिचच्या चटईला लागली, ते मला कळलं नाही. मी समजत होतो तुझ्या माईकमुळे मला ऐकू येत नाही. माईक बंद झाला तर आता ऐकू येतं आणि कळत नाही.

अशा वेळी तू काय करायचास ते मला तिथे उभा असताना सुचलं. तू लांबवायचास. "अंपायरसाहेब विचारात पडलेत, अंपायरसाहेबांच्या मनात काय आहे, फैयाजभाई आकाशाकडे बघतायत." मला वाटायचं हे लोकांच्या करमणुकीसाठी चाललंय. तू मला वेळ काढून देत होतास. परवा तो वेळ नव्हता. शांततेत माणसाला फार थांबता येत नाही.

मी हात खिशात ठेवला आणि मान हलवली. नाबाद.

मान हलवून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की माझे डोळे कुठे होते. फैयाजवर नव्हते. बॉलवर तर नव्हतेच, तो कीपरकडे होता. त्याच्या मागे ते कापड होतं आणि मी तुझं नाव बघत होतो. तुझ्या ओव्हरीत विकेट पडू नये असं मला वाटलं आणि मी नाबाद दिला.

तर घे. नाव बघून दिलेला एक निर्णय तुझ्या खात्यावर लिही. पण त्यावरून फायनललाही मी नाव बघितलं होतं असं होत नाही. परवाचं वेगळं, तेव्हाचं वेगळं. तू म्हणशील एकच आहे. मी म्हणेन वेगळं आहे. तू पंखा काढशील, मी सूर्य काढेन. शारजाचा जॅम सुटायला वेळ असतो, तेवढ्यात काहीतरी ठरलं असतं. किंवा ठरलंही नसतं, पण तू माझ्या बाजूला बसलेला असतास.

राहिलेले दोन बॉल झाले. आदिलने वायर जोडली, माईकवर बोट वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोक बदललं, मी चालत स्क्वेअर लेगला गेलो. तिथून कापड कडेने दिसतं, तुझं नाव वाचता येत नाही. मी तिकडेच बघत उभा राहिलो.